शाळेची बाग पुन्हा उभी करताना

जुन्या निवासी शाळांच्या आवारात एक कोपरा बहुधा सारखाच आढळतो. भोजनगृहाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ किंवा कुंपणाला लागून एक मोकळी जागा असते. तेथे कधीकाळी बाग होती, हे सांगणाऱ्या काही खुणा उरलेल्या असतात : विटांच्या तिरप्या ओळीने आखलेले वाफे, गंजलेला पाण्याचा पाइप, एखादा वाळलेला पेरू, आणि मान्यवरांच्या हस्ते झालेल्या वृक्षारोपणाचा फलक. फलक शाबूत असतो, रोप मात्र नसते. त्याच्या जागी गाजरगवत कमरेएवढे वाढलेले असते.

संस्थेच्या स्मरणिकेत इमारती, निकाल, सत्कार यांविषयी लिहिले जाते व ते योग्यच आहे. तथापि शाळेच्या बागेविषयी फारसे कोणी लिहीत नाही. ओसाड पडलेली बाग पुन्हा उभी करावयाची असेल तर काय करावे लागते, त्यात माजी विद्यार्थी, पालक आणि परिसरातील बंधुभगिनी यांचा वाटा कोणता, आणि या कामात कोणती चूक टाळली पाहिजे, याचा विचार या लेखात केला आहे.

बाग कशामुळे मरते?

बाग पाण्याअभावी मरते, असे आपण म्हणतो. ते अर्धसत्य आहे. कोल्हापूर शहर व परिसरात वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेस गगनबावड्याकडे हे प्रमाण पाच हजार मिलिमीटरांच्याही पुढे जाते, तर पूर्वेस शिरोळकडे ते बरेच उतरते. एवढे पाणी ज्या जिल्ह्यात पडते, पंचगंगा ज्याच्या मधून वाहते, तेथे शाळेची बाग केवळ पाण्यावाचून वाळली असे म्हणणे स्वतःची समजूत काढण्यासारखे आहे.

बाग मरते ती जबाबदारीच्या साखळीतील एक कडी निसटल्यामुळे. बागेची आवड असलेले गुरुजी निवृत्त होतात. बागेत रमणारी दहावीची तुकडी शाळा सोडून जाते. मे महिन्याची सुट्टी लागते, वसतिगृह रिकामे होते, आणि दीड महिन्यात वर्षभराचे काम करपून जाते. जूनमध्ये पुन्हा नवी रोपे आणली जातात, पुन्हा छायाचित्रे निघतात आणि पुढच्या मे महिन्यात तोच प्रकार घडतो. रोपांची संख्या वाढवून हा प्रश्न सुटत नाही. रोप लावणे हे एका दिवसाचे काम आहे. ते जगविणे हे किमान तीन वर्षांचे काम आहे, आणि त्या तीन वर्षांतील प्रत्येक आठवड्याला कोणाचे तरी नाव जोडलेले असावे लागते.

इतिहासातील एक उदाहरण येथे आठवते. श्रीलंकेतील अनुराधपूर येथील बोधिवृक्ष हा सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात नेलेल्या शाखेपासून वाढल्याचे मानले जाते. राजवटी बदलल्या, नगर उजाड झाले, अरण्य वाढले, तरी त्या वृक्षाची निगा राखणारे हात पिढ्यान्‌पिढ्या लाभत गेले. आपण त्या वृक्षापुढे नतमस्तक होतो, तेव्हा त्याला पाणी घालणाऱ्या त्या असंख्य अनाम माणसांचेही स्मरण व्हावयास हवे.

वसतिगृहांची भूमी आणि धनिणीची बाग

वसतिगृह आणि बाग यांचा संबंध आपल्या भागाला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून आरंभ करून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहण्यास जागा व दोन वेळचे अन्न मिळाल्याखेरीज शाळेचे दार उघडून उपयोग नाही, हे महाराजांनी ओळखले होते.

याच मातीत, कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी हा विचार पुढे नेला. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. साताऱ्यातील धनिणीची बाग हे या वसतिगृहाचे घर बनले. तेथे मुले स्वतः स्वयंपाक करीत, झाडलोट करीत, मातीत राबत आणि एका पंगतीत जेवत. निरनिराळ्या जातींची मुले एकाच चुलीवरचे अन्न खात, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. पुढे ‘कमवा आणि शिका’ या नावाने जी योजना महाराष्ट्रभर परिचित झाली, तिचे मूळ अशा श्रमांत आहे.

या वसतिगृहाकडून आपण शिकावयाचे ते असे की, तेथील मुलांचे श्रम शोभेसाठी नव्हते. मुले ज्या मातीत राबत, तिचा त्यांच्या जेवणाशी आणि शिक्षणाशी थेट संबंध होता. काम सर्वांचे होते आणि फळही सर्वांचे होते. आपल्या शाळांच्या बागा ओसाड पडल्या, त्याचे एक कारण हे की त्या केवळ पाहण्यासाठी राहिल्या. जिच्यातून भोजनगृहात रोज एक जुडी कोथिंबीर जाते, ती बाग सहसा कोणी वाळू देत नाही.

श्रम, शिक्षा आणि सन्मान

या विषयाची एक बाजू नाजूक आहे. ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

प्रस्तुत लेखक ज्या वसतिगृहात शिकला, तेथे बाग होती. परंतु बागेत कोण जात असे? सकाळच्या प्रार्थनेला उशीर झालेला, गणितात नापास झालेला, भांडण केलेला विद्यार्थी. ‘जा, अर्धा वाफा खुरपून ये’ ही नेहमीची शिक्षा होती. त्यामुळे खुरपे हातात घेणे म्हणजे काहीतरी अपराध केलेला असणे, ही समजूत आम्हां मुलांच्या मनात पक्की बसली. आमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील त्याच वेळी गावी दुसऱ्याच्या शेतात खुरपत होते. आपले आईवडील रोज करतात ते काम शाळेत शिक्षा म्हणून दिले जाते, याचा अर्थ मुलाच्या मनाने कसा लावला असेल? तो प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. पुढे ती बाग वाळली, तेव्हा आम्हांला वाईट वाटले नाही, उलट सुटल्यासारखे वाटले.

ज्या समाजातील मुले आपल्या निवासी शाळांत शिकतात, त्यांच्या पूर्वजांच्या वाट्याला जमिनीवरचे श्रम आले, जमीन मात्र क्वचितच आली. वतनाच्या नावाखाली गावाची रात्रंदिवस सेवा करावयाची आणि मोबदल्यात शिळे तुकडे घ्यावयाचे, अशी ती व्यवस्था होती. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातील महार वतने खालसा केली आणि वेठबिगारीलाही बंदी घातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या प्रश्नावर १९२८ साली विधेयक आणले. श्रमातील लाचारी नष्ट व्हावी, हा या प्रयत्नांचा अर्थ होता. म्हणून शाळेच्या बागेत वेठीची सावलीसुद्धा पडता कामा नये.

त्यासाठी काही नियम आरंभीच ठरवावेत. बागकाम ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. काम सर्वांनी करावे. मुख्याध्यापक, शिक्षक, अधीक्षक यांचीही नावे पाळीच्या तक्त्यात असावीत. झाडलोट मुलींची आणि खणणे मुलांचे, अशी वाटणी करू नये. एका विद्यार्थ्याला दिवसातून अर्ध्या तासाहून अधिक काम देऊ नये. परीक्षेच्या काळात पाळी मोठ्यांनी उचलावी. लहान मुलांच्या हाती विळा, कोयता देऊ नये आणि कोणत्याही मुलाच्या हाती कीटकनाशक देऊ नये. बागेतील भाजी व फळे सर्वांच्या ताटात जावीत, ती प्रथम पाहुण्यांच्या टोपलीत जाऊ नयेत. हे नियम कागदावर लिहून बागेच्या दाराशी लावले, तर पुष्कळ गैरसमज टळतील.

आधी पाहणी, मग टिकाव

ओसाड जागा दिसली की लगेच श्रमदानाची तारीख ठरविण्याचा मोह होतो. तो आवरावा. पहिला महिना केवळ पाहणीसाठी द्यावा. जागेचा नकाशा काढावा. सकाळी, दुपारी व सायंकाळी ऊन कोठे पडते, पावसाचे पाणी कोठून येते व कोठे साचते, जिवंत झाडे कोणती, नळ व सांडपाण्याची नाली किती दूर, हे सर्व त्यात दाखवावे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी हा भूगोल व भूमिती यांचा उत्तम प्रत्यक्ष पाठ आहे.

पाहणीत आढळलेले जुने झाड, ते वाकडे असले तरी, सहसा तोडू नये. वीस वर्षांच्या झाडाची सावली वीस रोपे लावूनही लगेच मिळत नाही. नागरी क्षेत्रात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार परवानगी घ्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

सफाई करताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली गाजरगवताची. या गवताचे परागकण आणि स्पर्श यांमुळे त्वचेला खाज सुटते व दम्याचा त्रास वाढू शकतो. ते फुलोऱ्यावर येण्यापूर्वी, पावसाने जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. ज्या मुलांना दमा वा त्वचेचा विकार आहे, त्यांना या कामापासून दूर ठेवावे. फुलावर आलेले गाजरगवत खताच्या खड्ड्यात टाकू नये, कारण त्याचे बी टिकून राहते. दुसरी काळजी सापांची. विटांचे ढीग, जुने पत्रे व दाट घाणेरी यांत नाग, घोणस, मण्यार यांना आसरा मिळतो. राडारोडा मोठ्या माणसांनी, पायांत बूट घालून, भर उजेडात हलवावा. साप दिसल्यास मारू नये, सर्पमित्रास बोलवावे. दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता त्या व्यक्तीला शांत ठेवून तत्काळ सरकारी रुग्णालय गाठावे. विज्ञाननिष्ठेचा हा पाठ पुस्तकाबाहेर द्यावयाचा आहे.

माती आणि पाणी

शाळेच्या आवारातील माती ही बहुधा खरी माती नसते. बांधकामाच्या वेळी टाकलेला मुरूम, चुना, विटांचे तुकडे यांचा तो थर असतो. जिल्ह्याच्या पश्चिम भागात तांबडी, जांभ्याची माती आहे, नदीकाठी काळी व गाळाची. पूर्वेकडील उसाच्या पट्ट्यात काही ठिकाणी जमीन क्षारपड झालेली आहे. म्हणून आधी मातीची तपासणी करावी. बागेच्या निरनिराळ्या आठ-दहा ठिकाणांहून वीतभर खोलीची माती घेऊन ती एकत्र मिसळावी, सावलीत वाळवावी आणि त्यातील सुमारे अर्धा किलो नमुना मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावा.

माती सुधारण्याचे साहित्य कोल्हापूर जिल्ह्यात विपुल आहे. उसाचे पाचट येथे अनेक ठिकाणी जाळले जाते. तेच शाळेने मागितले तर शेतकरी सहसा नाही म्हणत नाहीत. पाचट, वाळलेला पाला, भोजनगृहातील भाज्यांची देठे व साली, आणि शेण यांचे थर देऊन खड्डा भरावा. सुक्या पदार्थाचे प्रमाण ओल्यापेक्षा जास्त ठेवावे, म्हणजे दुर्गंधी येत नाही. ओल टिकवून महिन्यातून एकदा खालवर केले, तर चार-पाच महिन्यांत खत तयार होते. शिजलेले अन्न मात्र त्यात टाकू नये. त्याने उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप.

आता पाण्याचा हिशेब पाहू. समजा, बागेत साठ लहान रोपे आहेत. उन्हाळ्यात प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा दहा लिटर पाणी द्यावयाचे, तर आठवड्याला १,२०० लिटर पाणी लागेल. दुसरीकडे, समजा वसतिगृहात दीडशे मुले आहेत आणि प्रत्येकजण हात व ताट धुण्यासाठी दिवसाला तीन लिटर पाणी वापरतो. म्हणजे रोज ४५० लिटर आणि आठवड्याला ३,१५० लिटर पाणी नालीत जाते. बागेला जेवढे हवे त्याच्या अडीचपट पाणी आपण रोज डोळ्यांसमोर वाहू देतो. हा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतःच्या वसतिगृहाचे आकडे घालून करावा.

हे पाणी थेट झाडांना देऊ नये. प्रथम जाळीने अन्नकण अडवावेत, मग दगडगोटे, खडी व वाळू यांच्या खड्ड्यातून ते जाऊ द्यावे, आणि त्या खड्ड्याच्या कडेने कर्दळ व केळ लावावी. असे गाळलेले पाणी फळझाडांना व शोभेच्या झाडांना चालते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा यांसारख्या भाज्यांना मात्र स्वच्छ पाणीच द्यावे.

छपरावरील पाण्याचाही विचार व्हावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. तीनशे चौरस मीटरच्या छपरावर १,००० मिलिमीटर पावसाचे तीन लाख लिटर होतात. काही भाग वाया गेला असे धरले तरी दोन लाख लिटरांहून अधिक उरते. एवढे पाणी टाकीत साठविणे शक्य नसते. ते गाळून कूपनलिकेशेजारच्या शोषखड्ड्यात सोडल्यास जमिनीत मुरते.

कोणती झाडे लावावीत?

झाडांची निवड ही आवडीची बाब आहे, तशीच ज्ञानाचीही. सह्याद्रीच्या पायथ्याला व पठारावर सहज रुजणारी जांभूळ, आंबा, फणस, आवळा, करंज, बहावा, पळस, पांगारा, ताम्हण ही झाडे थोड्या काळजीने जगतात. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प होय. भोजनगृहासाठी शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई, केळी, अळू व पालेभाज्या, आणि एका लहान वाफ्यात अडुळसा, तुळस, गवती चहा, कोरफड असावी. शहरातील टाउन हॉलच्या बागेत जुने व दुर्मीळ वृक्ष आहेत. विद्यार्थ्यांची एक सहल तेथे नेऊन झाडे ओळखण्यास शिकवावे.

बौद्ध परंपरेशी निगडित वृक्ष आपल्या आवारात असावेत, अशी इच्छा स्वाभाविक आहे. त्याबाबत काही गोष्टी स्पष्ट असाव्यात. पिंपळाखाली सिद्धार्थाला संबोधी प्राप्त झाली, म्हणून तो बोधिवृक्ष. परंतु पिंपळाची मुळे दूरवर जातात व बांधकामाला भेगा पाडतात. त्यामुळे तो इमारत, टाकी आणि विहीर यांपासून किमान पन्नास फूट अंतरावर लावावा. श्रद्धेने भिंतीलगत लावलेला पिंपळ दहा वर्षांनी नाइलाजाने तोडावा लागतो, याहून दुःखद काय असेल? कुशीनगर येथे तथागतांचे महापरिनिर्वाण ज्या सालवृक्षांमध्ये झाले, तो साल हा मध्य व पूर्व भारतातील अरण्यांचा वृक्ष आहे. आपल्याकडे तो नैसर्गिकपणे उगवत नाही. एखादे रोप हौसेने लावावे, त्यावर बागेची आखणी मात्र बेतू नये. ज्याला आपण रस्तोरस्ती ‘अशोक’ म्हणतो, तो सरळसोट उंच वाढणारा वृक्ष खरा अशोक नव्हे. खरा सीताअशोक घोसांनी नारिंगी-तांबडा फुलतो, सह्याद्रीत आढळतो आणि त्याला अर्धी सावली व ओल आवडते. शाळेसाठी तो अतिशय योग्य आहे.

बुद्धचरित्रात उद्यानांना मोठे स्थान आहे. राजगृहाचे वेळुवन आणि श्रावस्तीचे जेतवन ही दानातून लाभलेली वने होती. तेथे संघ राहिला व तेथे धम्माची चर्चा झाली. अशोकाने आपल्या शिलालेखांत माणसांसाठी व जनावरांसाठी औषधी वनस्पती लावल्याचे, रस्त्यांच्या कडेने झाडे लावल्याचे व विहिरी खणल्याचे नोंदविले आहे. १९५० साली औरंगाबाद येथे सुरू झालेले महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले आणि त्याच्या परिसराला बाबासाहेबांनी ‘नागसेनवन’ हे नाव दिले. विद्येच्या जागेला ‘वन’ म्हणण्यामागे ही दीर्घ परंपरा उभी आहे.

आणखी एक गोष्ट लागवडीच्या वेळेशी जुळते. पावसाळ्यात फिरताना कोवळे अंकुर व बारीक जीव पायांखाली तुडविले जातात, म्हणून भिक्षूंनी तीन महिने एका जागी राहावे, असा वर्षावासाचा नियम झाला. आपल्या बागेतही आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हाच रोपे रुजण्याचा काळ आहे. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत. मृगाच्या सरी होऊन जमीन भिजली की माती, दोन-तीन घमेली खत व थोडी निंबोळी पेंड यांनी ते भरून रोपे लावावीत. वर्षावासाचे तीन महिने प्रत्येक रोपाशी एका विद्यार्थ्याचे नाव जोडावे.

पालक हे बागेचे शिक्षक

समाजाच्या सहभागाचा प्रश्न निघाला की आपले लक्ष प्रथम देणगीकडे जाते. देणगी हवीच. कुंपण, टाकी, पाइप यांना पैसे लागतात. परंतु बागेला याहून मोलाची देणगी पालक देऊ शकतात, ती त्यांच्या ज्ञानाची.

पालकसभेत पाठीमागच्या बाकावर संकोचाने बसणारे वडील आपण सर्वांनी पाहिले आहेत. प्रगतिपुस्तकावर सही करताना त्यांचा हात अडखळतो. शिक्षक बोलतात आणि ते मान डोलावतात. त्याच वडिलांना बागेत न्या. कोणत्या जमिनीत किती अंतरावर सरी पाडावी, रोपाच्या बुडाशी पाणी साचू नये म्हणून आळे कसे करावे, आंब्याची कोणती फांदी छाटावी, पानावरची कीड कोणती, हे त्यांना न विचारता दिसते. एखादी माता बी कसे राखेत घोळून ठेवावयाचे हे सांगते. कोणी गवंडी असतो, तो पाण्याच्या टाकीची गळती अर्ध्या दिवसात काढतो. त्या दिवशी शिक्षक ऐकतात आणि पालक बोलतात. आपल्या वडिलांचे म्हणणे मुख्याध्यापक वहीत उतरवून घेत आहेत, हे दृश्य मुलाने एकदा पाहिले तर ते तो जन्मभर विसरणार नाही.

म्हणून वर्षातून निदान दोन पालकसभा बागेत व्हाव्यात. पालकांना त्यांच्या मजुरीचा दिवस बुडवून फुकट राबण्यास बोलवू नये. त्यांना मार्गदर्शक म्हणून सन्मानाने बोलवावे, येण्याजाण्याचा खर्च द्यावा आणि त्यांनी सांगितलेले ‘बागेच्या वही’त त्यांच्या नावाने नोंदवावे. सामाजिक वनीकरण विभागाची रोपवाटिका, कृषी महाविद्यालयातील प्राध्यापक, शाळेतील हरित सेनेचे पथक यांचेही साहाय्य घ्यावे. शालेय पोषण आहाराच्या योजनेत परसबागेला प्रोत्साहन आहे, त्याचाही लाभ घ्यावा.

मे महिन्याची पाळी

शेवटी पुन्हा मे महिन्याकडे येऊ, कारण बागेची खरी परीक्षा तेथेच होते. शाळा सुरू असताना बाग जगविणे कठीण नसते. वसतिगृह रिकामे झाल्यावर काय, हा प्रश्न आहे, आणि याच ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची सर्वाधिक गरज आहे.

सुट्टीच्या सुमारे सहा आठवड्यांची पाळी जानेवारीतच आखावी. शाळेपासून जवळ राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या सहा तुकड्या कराव्यात. प्रत्येक तुकडीकडे एक आठवडा, त्यात दोन वेळा पाणी, एकदा पाहणी आणि वहीत नोंद. दूर मुंबई-पुण्यात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी त्या आठवड्यांसाठी एका माळ्याचे योग्य वेतन उचलावे. बाग माळ्यावर पूर्णपणे सोपवू नये, पण माळ्याला फुकटातही राबवू नये. एप्रिलच्या अखेरीस प्रत्येक रोपाच्या बुडाशी पाचटाचे चार बोटे जाड आच्छादन द्यावे, खोडाला मात्र ते चिकटू देऊ नये. त्यामुळे ओल अधिक दिवस टिकते व पाण्याच्या पाळ्या कमी होतात. दिवाळीच्या सुट्टीसाठीही अशीच, परंतु लहान पाळी असावी.

दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी रोपांची मोजणी करावी आणि किती लावली, किती जगली, हे दोन आकडे फलकावर लिहावेत. पाहुण्यांची नावे त्या फलकावर नसली तरी चालतील. जगलेल्यांचा आकडा कमी आला तर लपवू नये. का कमी आला याची चर्चा मुलांसमोर व्हावी. आपल्या चुकीचा हिशेब उघडपणे मांडणारी शाळा मुलांना जे शिकविते, ते कोणत्याही मूल्यशिक्षणाच्या तासाला शिकविता येत नाही.

ही स्मरणिका हाती घेणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला आपल्या वसतिगृहाचे दिवस आठवतील. पुढच्या भेटीत आपण रोप घेऊन यावे, असे येथे सुचवावयाचे नाही. रोपे पुष्कळ येतात. आपण अधीक्षकांकडे जाऊन बागेची वही मागावी आणि मे महिन्यातील एका मोकळ्या रकान्यात आपले नाव लिहावे.